न पटणारं एक माणूस

रेणुकादास उमरीकर सरांचा तास चालू आहे की सुटला, हे अहमदपूरच्या त्या शाळेत शिपायालाही व्हरांड्यातूनच कळायचं. शेजारच्या वर्गात बाजार भरलेला असायचा आणि सरांच्या आठवीत पंख्याची घरघर तेवढी. सर विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे सांगायचे. प्रश्न लाल शाईत, उत्तर निळ्या शाईत, "लिहा" म्हटलं की पन्नास माना एकदम खाली. त्यांच्या नोट्स मुलांना स्वल्पविरामासकट पाठ असायच्या. एखादा पालक बाजारात भेटून म्हणायचा, "सर, तुमच्या तासाला पोरगं तोंडातून ब्र काढत न्हाई," आणि सर खुलायचे. अशा बोलण्यावर पुढचे आठ दिवस त्यांचे बरे जात.

त्या नोट्सचा उगम अहमदपुरात नव्हता. सर मूळचे हिमायतनगरचे. तिथं त्यांना राघवेंद्र गुरुजींनी विज्ञान सांगितलं होतं. गुरुजींची वही सरांनी उतरवून घेतली आणि नोकरी लागल्यावर तीच पोरांना उतरवून द्यायला सुरुवात केली. बाबावाक्यं प्रमाणम्! या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. त्या वहीत एक हमखास येणारा प्रश्न होता, तीन मार्कांचा. बोअरचे पाणी हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड का असते? उत्तर असं की, जमिनीच्या पोटातील उष्णता हिवाळ्यात वर येते, त्यामुळे पाणी गरम होते. उन्हाळ्यात ती खाली जाते, त्यामुळे पाणी थंड होते. सांगायला सोपं, पाठ करायला सोपं, तपासायला तर त्याहून सोपं.

प्रयोगशाळेच्या कपाटात चार थर्मामीटर होते. पण त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होती, आणि त्या रजिस्टरात चढलेली वस्तू फुटली की जाब सरांना द्यावा लागे. म्हणून दर वर्षी तपासणीच्या आधी सर कपाट उघडत, चार नळ्या मोजत, फडक्यानं पुसत आणि पुन्हा कुलूप लावत. किल्ली त्यांच्या खिशात असायची. सव्वीस वर्षांत एकही थर्मामीटर फुटला नाही, याचाही त्यांना अभिमान होता. आता बोला!

त्यांच्या आठवीत चिंचवाडीहून एसटीनं येणारी तिघं होती. सुकन्या, तनुजा आणि हरिओम. शाळा पाचला सुटायची आणि चिंचवाडीची गाडी पावणेसहाला. मधला पाऊण तास ही तिघं बसस्टँडच्या बाकावर घालवायची, आणि त्या पाऊण तासात त्यांनी एक खेळ काढला होता. खेळाचं नावच 'कशावरून'. एकानं काहीतरी ठासून सांगायचं. बाकीच्यांनी विचारायचं, कशावरून? पुरावा देता आला नाही आणि तरी हेका सोडला नाही, तर त्यानं सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायच्या. मात्र "माझं चुकलं" असं जो आपणहून म्हणेल, त्याला बाटल्या माफ.

सर एकदा स्कूटरवरून जाताना थांबले होते. हरिओम हातवारे करत होता, तनुजा बाकावर उभी होती.

"काय रे, भांडता कशाला चारचौघांत?"

"भांडत न्हाई सर," हरिओम चटकन हात खाली घेऊन म्हणाला, "कशावरून खेळून राहिलो."

"घरी जाऊन पाठांतर करा त्यापेक्षा," सर म्हणाले आणि गेले. कसला खेळ, हे त्यांनी विचारलं नाही. विचारण्याची सवय त्यांना नव्हती, तर लागणार कुठून?

डिसेंबरात घटक चाचणी झाली. बोअरचा प्रश्न होताच. सर स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते, एकसारख्या उत्तरांवर तीन-तीन मार्क टाकत चालले होते, आणि सुकन्याच्या पेपरावर पेन अडला. तिनं लिहिलं होतं, "मला वाटते पाणी बदलत नसावे, हवा बदलते. पहाटे हवा गार असते म्हणून तेच पाणी गरम लागते. उन्हाळ्यात हवा तापते म्हणून तेच पाणी थंड लागते. पण आम्ही अजून मोजलेले नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही."

विज्ञानाच्या कुठल्याही मास्तरानं हे शेवटचं वाक्य वाचून पोरीची पाठ थोपटली असती. सरांना मात्र त्या वाक्याचाच राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला उभं केलं आणि तिचं उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. मुद्दाम सावकाश वाचलं.

"परीक्षेत लिहून राहिली, नक्की सांगता येत नाही! अगं, नक्की सांगता येत नाही तर पेपराला बसलीस कामून?" वर्ग हसला. सरांच्या वर्गात हसायला परवानगी मिळण्याचा तो पहिलाच दिवस असावा, म्हणून पोरं पोट धरधरून हसली. सरांना चेव आला. "आता सरांना शिकवायला चिंचवाडीहून गाडी येणार म्हणा की!"

सुकन्या घंटा होईपर्यंत उभी होती. तिला शून्य मिळालं. हरिओम आणि तनुजा हसले नाहीत, हे सरांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर सुकन्या वर्गात बोललीच नाही. विचारलं तर नोट्समधलं उत्तर जसंच्या तसं म्हणायची आणि खाली बसायची. एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला. तिनं उत्तर लिहिलं ते सरांचंच, अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. सरांनी तीनपैकी तीन दिले. मनात म्हणाले, सुधारली पोरगी. त्या दिवशी त्यांनी घरी सौदामिनीबाईंना ही गोष्ट आनंदानं सांगितली. बाई "बरं झालं" म्हणाल्या. सरांच्या घरीही सरांच्या बोलण्यावर दुसरं काही म्हणायची रीत नव्हती.

परीक्षा झाल्या की मास्तरांना सुट्टी, असं ज्याला वाटतं त्यानं मराठवाड्यातल्या शाळेत नोकरी करून पाहावी. परीक्षा संपली की पट गोळा करायला बाहेर पडावं लागतं. वाड्या-वस्त्यांवर जायचं, आईबापांना गाठायचं, पोरं आमच्या शाळेत टाका म्हणून विनवायचं. नाहीतर तुकडी तुटते आणि मास्तर जास्तीचा ठरतो. सरांच्या वाट्याला चिंचवाडी आली. गावातली माणसं एका जागी भेटायची तर सकाळी दूध डेअरीवर जावं, म्हणून सर सातलाच तिथं पोचले.

डेअरी हरिओमच्या वडिलांची, वैजनाथची. वैजनाथ स्वतः सरांचा विद्यार्थी, वीस वर्षांपूर्वीचा. त्यानं माप खाली ठेवलं, सरांच्या पाया पडला, खुर्ची पुसून दिली आणि दूध घालायला आलेल्या दहा-बारा जणांना सांगायला लागला, "हे आमचे सर. यांनी सांगितलेलं आजून पाठ हाय मला. म्हणू का सर?"

आणि तो हात मागे बांधून, डोळे मिटून सुरू झाला. "जमिनीच्या पोटातील उष्णता हिवाळ्यात वर येते, त्यामुळे पाणी गरम होते..."

माणसांनी वाहवा केली. सरांना भरून आलं. वीस वर्षांनी डेअरीवर उभा राहून शिष्य आपलं वाक्य म्हणतो, यापेक्षा मास्तराला आणखी काय हवं? वैजनाथचं म्हणून झालं आणि त्यानं शेजारच्या कॅनमधल्या दुधात काचेचा थर्मामीटर बुडवला, वाचला, नोंद केली. बोअरच्या पाण्याचा पाइप ओढून दुधाच्या कॅनवर सोडला. हे काम तो पंधरा वर्षं करत होता.

"सर, पोरं बघा काय येड लावून घेऊन बसल्यात," तो हसत म्हणाला आणि फळीवरून एक शंभर पानी वही काढून त्यानं सरांच्या हातात दिली. "रोज माझा थर्मामीटर घेऊन बोअरमागं पळतेत. तुम्हीच जरा दटावा."

अक्षर तनुजाचं होतं. सर वाचायला लागले ते दटावण्याच्या तयारीनं.

"१८ डिसेंबर. सुकन्याची आई गावची आशाताई हाय, तिचा ताप बघायचा थर्मामीटर आणला. बोअरच्या पाण्यात धरला तर आकडाच येत न्हाई. हरिओम: मशीन बिघडलंय. तनुजा: कशावरून? काखेत धर. धरलं. छत्तीस आला. म्हणजे मशीन चांगलं हाय, फक्त ते तापासाठी हाय, पाण्यासाठी न्हाई. हरिओम ऐकंना. हरिओमनं बाटल्या भरल्या."

"२४ डिसेंबर. डेअरीचा थर्मामीटर. पहाटे हवा तेरा, बोअर सत्तावीस. हरिओम: बघा, सरांचं बरोबर, पाणी गरमच हाय. सुकन्या काही बोलली न्हाई. तनुजा: उन्हाळ्यात मोजल्याबिगर कुणाचंच बरोबर न्हाई."

सुकन्या काही बोलली न्हाई. तिला वर्गात उभं केल्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि पान उलटलं.

"११ फेब्रुवारी. सुकन्या सत्तावीस म्हणली, हरिओम एकोणतीस. लई भांडण. हरिओम वाकून वरून बघून राहिला होता. डोळा रेघेच्या बरोबरीत आणला, सत्तावीस. हरिओम: माझं चुकलं. आता दोघांनी येगळं येगळं वाचायचं, मग सांगायचं. एकट्यानं मोजलेलं धरायचं न्हाई. सोबत न पटणारं एक माणूस पाहिजे."

"९ एप्रिल. दुपारी हवा चाळीस, बोअर छत्तीस. हरिओम: पाणी बदललं! सरांचं चुकलं अन् सुकन्याचंबी चुकलं. सुकन्या: हाव, माझं चुकलं. तनुजा: मला पटत न्हाई. पाइप उन्हात पडलाय, हे पाइपातलं पाणी हाय. दहा बादल्या जाऊ द्या. जाऊ दिल्या. सत्तावीस. परत मोजलं. सत्तावीस."

सर तिथंच थांबले. पाइप उन्हात पडलाय. हे त्यांना स्वतःला सुचलं असतं का? त्यांनी प्रामाणिकपणे मनाला विचारलं, आणि मनानं नाही म्हणून सांगितलं. तेरा वर्षांची पोर हातातला आकडा नाकारत होती, तोही तिच्या मैत्रिणीनं हार मानल्यावर, आणि नाकारून गप्प बसत नव्हती तर कारण देत होती. आणि डिसेंबरात ज्या हरिओमला सरांचंच बरोबर वाटत होतं, तो एप्रिलमध्ये सरांचं चुकलं म्हणत होता, आकडा बघून. हे यांना शिकवलं कुणी? त्यांनी नाही. ही पोरं एकमेकांशी भांडून शिकली, बसस्टँडच्या बाकावर, आणि त्यांनी तिथं स्कूटर थांबवून पाठांतर करा म्हणून सांगितलं होतं.

शेवटच्या पानावर चारच ओळी होत्या.

"१५ एप्रिल. सुकन्या: परीक्षेत आलं तर काय लिहायचं?

तनुजा: सरांचं.

सुकन्या: कशावरून?

तनुजा: डिसेंबरवरून."

त्यावर कुणाचंच काही म्हणणं पडलेलं नव्हतं.

"चांगलं दटावा सर," वैजनाथ म्हणाला. पाइपाचं पाणी कॅनवरून वाहत सरांच्या चपलांपर्यंत आलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला! या माणसाच्या एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात बोअरचं पाणी, आणि पंधरा वर्षांत एकदाही ते दोन हात जवळ आले नाहीत. कारण उत्तर त्याला आधीच पाठ होतं, आणि पाठ कुणी करून घेतलं होतं, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. सरांना त्या खुर्चीवर बसवेना. चहा न घेताच ते उठले. पटाचं एक नाव न लिहिता परत आले.

घरी त्यांनी सुकन्याचे दोन्ही पेपर काढून शेजारी शेजारी ठेवले. खरं लिहिलं त्याला शून्य, खोटं लिहिलं त्याला तीन. दोन्ही आकडे त्यांच्याच हातचे, लाल शाईचे. चुकीचं उत्तर सांगितलं याची लाज होतीच, पण ती एक वेळ पचली असती. गुरुजींच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. पोरीला खरं ठाऊक असताना खोटं लिहायला लावलं, आणि वर 'सुधारली' म्हणून घरी येऊन आनंद केला, ही लाज कुणाच्या माथी मारणार? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मे महिन्याच्या एक तारखेला निकाल होता. झेंडावंदन झालं, पोरं वर्गात बसली. सरांनी ठरवून ठेवलं होतं की जिथं हसं केलं तिथंच सांगायचं, सगळ्यांसमोर. ते उभे राहिले. वर्ग नेहमीसारखा गप्प झाला. पन्नास माना खाली, पंखा घरघरतोय. आणि ज्या शांततेसाठी त्यांचं नाव होतं, तीच आता त्यांच्या अंगावर आली. ही पोरं कान देऊन ऐकत नव्हती, सर काय करतील या धाकानं गप्प होती. हे त्यांना सव्वीस वर्षांनी दिसलं. त्यांनी गुणपत्रकं वाटली, "सुट्टीत अभ्यास करा" म्हणाले आणि बाहेर पडले. पोरीला उभं करताना जीभ कशी चुरुचुरु चालली होती! स्वतः उभं राहायची वेळ आली तर शेपूट घातलं. स्टाफरूममध्ये ते भिंतीकडे तोंड करून बसले.

घड्याळात अकरा वाजले तसे ते उठले आणि चालतच बसस्टँडवर गेले.

तिघं बाकावर होती. सर दिसले तशी एकदम उभी राहिली, आणि चाललेलं बोलणं तिथंच थांबलं.

"बसा. चालू द्या तुमचं," सर म्हणाले. कुणी बसलं नाही.

"मी वही वाचली," सर म्हणाले. "सुकन्या, तुझं बरोबर होतं. पाणी बदलत नाही. माझं चुकलं. आणि तुला उभं केलं ते तर फारच चुकलं."

सुकन्या खाली बघत होती. चार महिन्यांत ती त्यांच्याशी नोट्सबाहेरचं बोलली नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "सर, कशावरून?"

"म्हणजे?"

"पाणी बदलत न्हाई, हे कशावरून म्हणता? तुम्ही मोजलं?"

"नाही," सर म्हणाले. "तुमच्या वहीवरून."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तनुजाला राहवलं नाही. "मग हे तर तेच झालं, सर. आधी आम्ही तुमच्या वहीवरून म्हणत होतो, आता तुम्ही आमच्या वहीवरून."

उन्हात उभ्या उभ्या सरांना ते पटलं. कबुली द्यायला आले, तीही उतरवून घेतलेली! चूक सोडताना त्यांनी चुकायची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली होती. कपाटाची किल्ली आजही त्यांच्या खिशात होती, आणि वही वाचल्यापासून इतक्या दिवसांत त्यांनी चारातला एक थर्मामीटर काढून बादलीत बुडवला नव्हता. त्यांना ते सुचलंसुद्धा नव्हतं.

"तुमचा नियम काय?" त्यांनी विचारलं. "पुरावा देता आला नाही तर?"

"तुम्ही चुकलं म्हणलात ना सर," हरिओम घाईनं म्हणाला, "तुम्हाला माफ हाय."

"सव्वीस वर्षं हेका धरलाय मी. माफ कसं?" त्यांनी बाकावरच्या तिन्ही बाटल्या उचलल्या आणि ते पाणपोईकडे गेले. ओळीत उभे राहिले. पुढचा कंडक्टर मागे वळला. तोही त्यांचाच विद्यार्थी निघाला.

"सर, तुम्ही कशाला? द्या, मी भरतो."

"नको," सर म्हणाले. "हरलोय मी." का हरले, तेही त्यांनी सांगितलं. बोअरचं उत्तर चुकलं होतं, त्यालाही चुकीचंच सांगितलं होतं. कंडक्टरनं हात जोडले. तो "असू द्या सर, तुम्ही सांगितलं म्हणजे बरोबरच असंल" म्हणाला, आणि ते ऐकून सरांना आणखी लाज वाटली.

बाटल्या घेऊन ते परत आले. चिंचवाडीची दुपारची गाडी लागली होती.

"उद्या कपाट उघडतो," त्यांनी सुकन्याला सांगितलं. "घरच्या बोअरवर मोजतो. रोज मोजतो."

"एकट्यानं मोजलेलं आम्ही धरत न्हाई सर," सुकन्या बाटली घेत म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात, नियम सांगत होती. "सोबत न पटणारं एक माणूस पाहिजे."

सर मनातल्या मनात तसं माणूस शोधायला लागले. स्टाफरूममधले त्यांना वडील मानून मान डोलावत. शाळेतल्या पोरांची मान वर येत नसे. गावात अर्धे विद्यार्थी, ते पाया पडत. घरी सौदामिनीबाई "बरं" म्हणत. आख्ख्या अहमदपुरात त्यांना "मला पटत नाही" म्हणणारं एक माणूस त्यांनी उरू दिलं नव्हतं. एक होतं, तेही त्यांनी घंटा होईपर्यंत उभं केलं होतं.

"तू येशील?" त्यांनी विचारलं. "जूनमध्ये. शाळेत."

सुकन्या गाडीच्या पायरीवर थांबली. "न्हाई पटलं तर वर्गात म्हणू देसाल?"

"हो."

तिनं सरांकडे नीट बघितलं. त्यांच्या 'हो'ला काय पुरावा, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता, आणि सरांजवळ दाखवायला काही नव्हतं.

"बघते," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.